मुलाबरोबर वाढणारे अंगण

पावसाळा तोंडावर आला की दवाखान्यात एक प्रश्न दरवर्षी कानी पडतो. घरापुढे थोडी मोकळी जमीन असलेले आईवडील कडेवर वर्ष-दोन वर्षांचे मूल घेऊन येतात आणि विचारतात, “डॉक्टर, यंदा अंगणात कोबा घालून टाकावा म्हणतो. चिखल नको, डास नकोत, किडामुंगी नको. बाळासाठी तेच बरे ना?” प्रश्नामागची काळजी खरी असते. मुंबईचा पावसाळा, त्यात डेंग्यू आणि लेप्टोच्या बातम्या. अशा वेळी सिमेंटचा एक थर हा सर्वांत सोपा उपाय वाटणे स्वाभाविक आहे. तरीही माझे उत्तर बहुधा ‘जरा थांबा’ असेच असते.

अंगण हे एका मे महिन्यात उरकून टाकण्याचे काम नव्हे. मूल ज्या गतीने वाढते त्याच गतीने अंगणही वाढावे, दरवर्षी एकच सुधारणा व्हावी आणि ती मुलाच्या त्या वर्षाच्या गरजेला धरून असावी, असे माझे मत आहे. रांगणाऱ्या मुलाला जे अंगण हवे ते शाळकरी मुलाला पुरत नाही. एकदाच सारे बांधून मोकळे झालेल्या अंगणात मोठ्यांची सोय होते, मुलाला मात्र तेथे करण्यासारखे काही उरत नाही.

पवईत हे सांगताना एक जुनी गोष्ट आठवते. १७९९ साली ईस्ट इंडिया कंपनीने पवईची इस्टेट ज्यांना भाडेपट्ट्याने दिली ते डॉ. स्कॉट पेशाने डॉक्टरच होते. पुढे १८२९ मध्ये ती फ्रामजी कावसजी यांच्याकडे आली. फ्रामजींना बागायतीची मोठी हौस होती. तिरंदाज, कोपरी, साकी, पासपोली ही नावे त्या काळी गावांची होती. १८९१ च्या सुमारास तलाव बांधून झाला, १९५८ मध्ये आयआयटी आली आणि गेल्या तीन-चार दशकांत टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. कधी काळच्या या बागायती गावात आज दोनशे चौरस फूट उघडी माती ज्या कुटुंबाकडे आहे, ते कुटुंब भाग्यवान म्हटले पाहिजे. म्हणूनच तिच्यावर सिमेंट ओतण्यापूर्वी चार गोष्टी तपासून घ्याव्यात.

एका कुटुंबाचा अनुभव

माझ्याकडे उपचारांसाठी येणाऱ्या एका कुटुंबाचे उदाहरण त्यांच्या संमतीने देतो; ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. बैठे घर, पुढे बारा बाय अठरा फुटांचे अंगण, घरात आईवडील, कोकणातून आलेली आजी आणि तीन वर्षांची मुलगी. सप्टेंबरात मुलीला डेंग्यू झाला. ताप उतरला त्याच दिवशी पोट दुखू लागले आणि उलट्या सुरू झाल्या. डेंग्यूत ताप उतरण्याचा काळच अधिक जपण्याचा असतो, हे आजीला ठाऊक नव्हते. पण “पोर नेहमीसारखी दिसत नाही” एवढे तिने ओळखले आणि मुलीला रुग्णालयात हलवण्यास विलंब झाला नाही. पाच दिवसांनी मुलगी सुखरूप घरी आली. त्याच संध्याकाळी वडिलांनी गवंड्याला निरोप धाडला : सगळे अंगण कोब्याने बंद करायचे. आजीने जेवण टाकले. तिच्या मते अंगणाला माती नसेल तर तुळस केवळ नावाला उरते.

दोघेही माझ्याकडे आले. मी त्यांना एवढेच सुचवले की गवंड्याला रविवारपर्यंत थांबवा आणि तोवर विजेरी घेऊन घरातले व अंगणातले साचलेले पाणी शोधा. जेथे वळवळणाऱ्या अळ्या दिसतील त्या प्रत्येक जागी खडूने खूण करा. रविवारी तीन खुणा झाल्या. एक खिडकीतल्या कुंडीखालच्या ताटलीला, दुसरी दुचाकीवर टाकलेल्या ताडपत्रीच्या घडीला आणि तिसरी पन्हळीखाली ठेवलेल्या, झाकण नसलेल्या पिंपाला. मातीत एकही खूण नव्हती.

त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्याच्या भांड्यात वाढतो. त्याची मादी भांड्याच्या आतल्या कडेवर, पाण्याच्या रेषेलगत अंडी घालते. पाणी आटले तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. म्हणून ताटली नुसती ओतून भागत नाही, ती घासावी लागते. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी कोरडी केली तर ही साखळी तुटते. भुसभुशीत मातीत पाणी मुरून जाते. उतार चुकलेल्या कोब्यावर मात्र ते साचून राहते.

वडिलांनी गवंड्याला बोलावले, पण काम बदलले. फाटकापासून दारापर्यंत अडीच फुटांची शहाबादी पायवाट, गटाराचा नीट उतार आणि पिंपाला जाळीसकट झाकण, इतकेच झाले. उरलेली माती मोकळी राहिली. आजी जेवली.

मातीशी संबंध कशासाठी?

‘मातीत खेळलेली मुले काटक होतात’ हे आपण ऐकत आलो आहोत. त्यात तथ्य किती, हे पाहण्याचा एक चांगला प्रयत्न फिनलंडमध्ये झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन ते पाच वयोगटातील ७५ मुले होती. काही पाळणाघरांच्या खडी घातलेल्या रुक्ष आवारांत जंगलातील मातीचा थर व हिरवळ अंथरण्यात आली, लागवडीच्या पेट्या ठेवल्या गेल्या आणि मुले तेथे रोज खेळली. अवघ्या २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरील सूक्ष्मजीवांचे वैविध्य वाढले आणि रक्तात, रोगप्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या घटकांच्या बाजूने बदल दिसले. अभ्यास लहान होता. त्यावरून ‘माती दमा बरा करते’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. पण आवारात केलेला साधा बदल मुलाच्या शरीरापर्यंत पोहोचतो, एवढे त्यातून दिसते.

दुसरा पुरावा डोळ्यांचा आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १२ शाळांतील पहिलीच्या मुलांवर तीन वर्षे अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटे अधिक वेळ मुलांना बाहेर उजेडात नेले गेले. तीन वर्षांनंतर लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, म्हणजे लघुदृष्टी, या शाळांतील ३०.४ टक्के मुलांत नव्याने आढळला, तर इतर शाळांत हे प्रमाण ३९.५ टक्के होते. मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेण्यापेक्षा त्याला बाहेर जाण्याचे कारण देणे मला अधिक परिणामकारक वाटते. अंगण हे असे कारण रोज देऊ शकते, मात्र तेथे मुलाला काही काम असले पाहिजे.

पहिली दोन वर्षे : आधी काढा, मग लावा

मूल रांगू लागण्यापूर्वी अंगणात काहीही नवे लावू नका. जे धोक्याचे आहे ते आधी काढा. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, एरंड, चंद्रज्योत, गुंज ही झाडे आपल्याकडे सर्रास दिसतात. कण्हेर आणि बिट्टी यांच्या विषाने हृदयाची लय बिघडते. चंद्रज्योतीच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून मुले खातात आणि उलट्या-जुलाबांनी हैराण होतात. गुंजेचा देखणा लाल दाणा चावला गेला तर जिवावर बेतू शकते. शोभेच्या डिफेनबाखियाचे पान चघळले तर तोंड व जीभ सुजते. मुलाने असे काही खाल्ल्याचा संशय आला तर मीठपाणी पाजून उलटी काढू नका. पानाचा किंवा बीचा नमुना घेऊन थेट रुग्णालय गाठा.

पाण्याची बादली व पिंप यांना झाकण हवेच. तोल गेलेले तान्हे मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते आणि त्या वेळी आवाजही होत नाही. खिडक्यांचे जुने गज खरवडून रंगवणार असाल तर खरवड मातीत पडू देऊ नका, कारण जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते. घरगुती रंगांतील शिशावर आपल्याकडे कायदेशीर मर्यादा आली ती २०१७ पासून.

या वयात मूल चिमूटभर माती तोंडात घालणारच. त्याने घाबरण्याचे कारण नाही. परंतु दोन वर्षांनंतरही मूल आवडीने, रोज, शोधून माती खात असेल तर ती सवय समजून रागावू नये. अनेकदा त्यामागे लोहाची कमतरता असते. पाच वर्षांखालील मुलाचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमहून कमी असेल तर तो रक्तक्षय होय. तेथे अंगण बंद करून उपयोग नाही, मुलावर उपचार हवेत.

तीन ते सहा : दोन फुटांचा वाफा

या वयात मुलाला स्वतःची जागा द्यावी. दोन फूट लांब, दोन फूट रुंद एवढा वाफा पुरतो; मधोमध पाय न देता त्याचा हात सर्वत्र पोहोचतो. पहिले पीक मेथीचे घ्यावे. तीन-चार दिवसांत कोंब दिसतात आणि तीन-चार आठवड्यांत भाजी ताटात येते. लहान मुलाच्या धीराला एवढीच मुदत मानवते. पावसाचा जोर ओसरल्यावर, म्हणजे सप्टेंबरअखेर सुरुवात करणे चांगले. आमच्या त्या मुलीने मेथीची पहिली जुडी स्वतः उपटली आणि तोवर हिरवी भाजी पाहताच तोंड फिरवणारी ती, “माझी मेथी” म्हणून सर्वांना वाढू लागली. स्वतः मात्र दोनच घास खाल्ले, हेही नमूद करतो. दुसऱ्या वर्षी घासांची संख्या वाढली.

पवईतील पुष्कळशी जमीन मुरमाड आणि त्यात बांधकामाचा राडारोडा मिसळलेली असते. बाहेरून ट्रकभर माती आणण्यापूर्वी स्वयंपाकघरातील भाजीचे देठ, साली आणि अंगणातील पालापाचोळा एका छिद्रे पाडलेल्या पिंपात जिरवा. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून हेच शिकवले, की सुपीक माती विकत न आणता घरच्या घरी घडवता येते आणि सामान्य माणूसही स्वतः प्रयोग करून शिकू शकतो. या शिक्षणात चार वर्षांचे मूलही सामील होऊ शकते. साल टाकायची, पाला टाकायचा, हात धुवायचे, हा त्याचा रोजचा पाठ.

हात धुणे आणि पायांत चपला हे दोन नियम मात्र सैल सोडू नयेत. अंकुशकृमी तळपायाच्या त्वचेतून शरीरात शिरतात आणि गोलकृमींची अंडी मळक्या हातांवाटे पोटात जातात. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. त्या मोहिमेत १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना शाळा व अंगणवाडीतून जंतांची गोळी मिळते. ती चुकवू नका. वाळूचा खड्डा केला असेल तर तो रात्री झाकून ठेवा, नाहीतर मांजरे त्याचा शौचालय म्हणून वापर करतात. धनुर्वाताची बूस्टर मात्रा दीड वर्षाच्या सुमारास, पाच-सहा वर्षांचे असताना, पुढे दहाव्या आणि सोळाव्या वर्षी अशी असते. लसीकरणाचे कार्ड एकदा काढून पाहा.

सात ते बारा : झाड आणि जबाबदारी

चौथ्या वर्षी लावलेले पेरूचे कलम सातव्या वर्षापर्यंत फळ देऊ लागते आणि पुढे दोन-तीन वर्षांत चढण्याजोगे होते. पेरूची फांदी चिवट असते. शेवगा शेंगांसाठी जरूर लावा, पण त्याची फांदी ठिसूळ, म्हणून मुलाने त्यावर चढू नये. झाडाखाली फरशी नको. माती आणि पाचोळ्याचा थर असेल तर पडणाऱ्या मुलाला लागते, पण कमी लागते. मूल कधीच पडणार नाही असे झाड मला ठाऊक नाही. आपली उंची ओळखणे, फांदी हलवून पाहणे, जमत नसेल तर उतरणे हे धडे पेरूवर बरे मिळतात. पुढे ते रस्त्यावर आणि गच्चीवरही उपयोगी पडतात.

लिंबू आणि कढीपत्ता लावला तर त्यांवर फुलपाखरांच्या अळ्या येतात. अळी दिसताच फवारणीचा पंप उचलू नका. चार पाने तिला खाऊ द्या. पंधरवड्याने मुलाला कोषातून बाहेर येणारे फुलपाखरू दिसेल. कीटकनाशके घरात ठेवायचीच झाली तर कुलपात ठेवा. थंड पेयाच्या बाटलीत तर ती कधीही ओतून ठेवू नका.

याच वयात आठवड्याच्या ‘कोरड्या दिवसा’ची जबाबदारी मुलाकडे द्यावी. आमची ती मुलगी आता नऊ वर्षांची आहे. दर रविवारी ती खडू आणि विजेरी घेऊन घर तपासते आणि शेजारच्या तीन घरांतही जाते. तिच्या आजाराने घरात जी भीती शिरली होती, तिचे हळूहळू एका कामात रूपांतर झाले. कोबा घातला असता तर ती भीती त्याखाली तशीच राहिली असती.

पावसाळ्यात काय जपावे

राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत राहणाऱ्या आपण सर्वांनी साप येणारच असे गृहीत धरावे. विटांचे ढीग, लाकूडफाटा, उंदरांना बोलावणारे खरकटे घराला लागून ठेवू नये. संध्याकाळनंतर विजेरीशिवाय अंगणात पाऊल टाकू नये आणि लहान मुलाला तेथे एकटे सोडू नये. बिबट्याच्या दृष्टीनेही हा नियम योग्य आहे. सर्पदंश झालाच तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे हे सर्व टाळावे. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता, मुलाला धीर देत, प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे.

अंगणात गुडघाभर पाणी शिरले आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका असतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर या आजाराने काय केले, ते आम्हा डॉक्टरांना विसरता येत नाही. अशा पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारावे. प्रतिबंधक औषध घ्यावे की नाही आणि कोणते, हे मुलाचे वय व वजन पाहून ठरते. मोठ्यांची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नये.

ज्यांच्या घराला अंगण नाही त्यांनी

आपल्यापैकी बहुतेकांना सातव्या-आठव्या मजल्यावर अंगण कोठले? पण सोसायटीचे आवार सर्वांचे असते. वार्षिक सभेत पेव्हर ब्लॉकचा विषय येईल तेव्हा दहा बाय दहा फुटांचा एक कोपरा मुलांसाठी मातीचाच ठेवावा, असा ठराव मांडा. जुन्या झाडांच्या बुंध्याशी सिमेंट भिडवू देऊ नका. भोवती किमान एक मीटर माती मोकळी असावी. आवारातील झाड तोडायचे वा छाटायचे असेल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते, हेही सभासदांना सांगा. हा कोपरा मिळेपर्यंत गॅलरीत एक रुंद कुंडी आणि मूठभर मेथी पुरे.

खर्चाचा विचार केला तरी हा मार्ग परवडणारा आहे. सगळे एकदम करण्याला कर्ज लागते, दरवर्षी एक काम करण्याला घरखर्चातली थोडी काटकसर पुरते. शिवाय चूक झाली तर ती लहान असते आणि पुढच्या मोसमात दुरुस्त होते. यंदाचे काम ठरवताना फार विचार करू नका. आपल्या मुलाचे वय पाहा, ते आज अंगणात काय करू शकते हे पाहा आणि त्याच्या उंचीवर बसून एकदा सगळीकडे नजर फिरवा. जे खुपेल ते काढा, जे उणे वाटेल त्यातले एकच आणा. बाकीचे पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू शकते. तोवर मूल दोन-अडीच इंचांनी वाढलेले असेल आणि त्याला काय हवे, हे ते स्वतःच सांगू लागेल.